कुटुंबांसाठीचा अल्पकालीन निवारा : नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

घर सुटलेल्या किंवा सुटण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबाला काही आठवडे अथवा काही महिने सुरक्षित जागा द्यायची आणि त्याच काळात ते कुटुंब पुन्हा आपल्या हक्काच्या, भाड्याच्या का होईना, घरात स्थिरावेल यासाठी झटायचे, हे कुटुंब निवाऱ्याचे काम आहे. रात्रनिवाऱ्यात झोपण्यापुरती जागा मिळते आणि सकाळी ती सोडावी लागते. कुटुंब निवाऱ्यात दिवसाही राहता येते, सामान ठेवता येते, मुलांना तिथून शाळेत पाठवता येते आणि त्या कुटुंबासाठी एक कार्यकर्ता नेमलेला असतो. हा लेख या कामात नव्याने येणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी आहे. बाहेर पडण्याची तयारी पहिल्याच आठवड्यात सुरू झाली नाही, तर निवारा कितीही चांगला असला तरी मुक्काम लांबत जातो, पालकांचा धीर खचतो आणि दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या कुटुंबाला जागा मिळत नाही. पुढची प्रत्येक पायरी याच दृष्टीने वाचावी.

पायरी १ : दारात आलेले कुटुंब नेमके कोणत्या अवस्थेत आहे ते ओळखा

बेघर म्हटले की उघड्यावर झोपणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. पण मुले असलेली कुटुंबे शक्यतो उघड्यावर येत नाहीत, ती आधी नातेवाइकांकडे, मग ओळखीच्यांकडे, मग एखाद्या स्वस्त खोलीत दिवस काढत राहतात. बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या ‘फेआंत्सा’ या युरोपीय महासंघाने २००५ साली केलेल्या वर्गीकरणात चार अवस्था मानल्या आहेत : डोक्यावर छप्परच नसणे, छप्पर असूनही ते निवाऱ्यासारखे तात्पुरते असणे, राहत्या जागेची शाश्वती नसणे आणि राहती जागा माणसाने राहण्यायोग्य नसणे. ही विभागणी कामाची आहे, कारण तिसऱ्या अवस्थेतील कुटुंबाला कित्येकदा निवाऱ्यात आणण्याची गरजच नसते. थकलेल्या भाड्याचा काही भाग भरला, घरमालकाशी हप्त्यांचे बोलणे झाले किंवा नोटिशीला मुदतीत उत्तर दिले गेले, तर त्यांचे आहे तेच घर टिकू शकते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : काल रात्री तुम्ही कुठे झोपलात आणि आणखी काही आठवडे तिथे सुरक्षितपणे राहता येईल का? इंग्लंडमध्ये २०१७ साली झालेल्या आणि २०१८ पासून लागू असलेल्या बेघरपणा घटवण्याच्या कायद्याने, ५६ दिवसांच्या आत घर जाण्याची शक्यता असलेल्यांना मदत करण्याचे कर्तव्य स्थानिक प्रशासनावर टाकले आहे. त्यापूर्वी हीच मुदत २८ दिवसांची होती. मुदत वाढवण्यामागचा विचार सरळ आहे. घर गेल्यानंतर नवे घर शोधण्यापेक्षा असलेले घर वाचवणे सोपे असते, आणि मुलांची शाळा, शेजार व पालकांचे काम त्यामुळे जागेवर राहते.

मात्र घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर ‘तिथेच थांबा, आपण समजूत घालू’ हा सल्ला कधीही देऊ नये. अशा वेळी त्या घरातील कोणाशीही, पीडित व्यक्तीच्या स्पष्ट संमतीशिवाय, फोनवरसुद्धा संपर्क साधू नये. या विषयावरचे प्रश्न प्रत्येक प्रौढ व्यक्तीला स्वतंत्रपणे, जोडीदार आणि मुले ऐकत नसताना विचारावेत. सोबत आलेला माणूसच छळ करणारा असू शकतो, ही शक्यता नवख्या कार्यकर्त्याच्या सहसा लक्षात येत नाही.

पायरी २ : कुटुंब अख्खे ठेवा

अनेक निवाऱ्यांचे नियम पाहिले तर ते आई आणि लहान मुले एवढ्यांसाठीच लिहिलेले दिसतात. वयात आलेल्या मुलाला महिलांच्या निवाऱ्यात ठेवता येत नाही आणि वडिलांना पुरुषांच्या निवाऱ्यात जायला सांगितले जाते, म्हणजे घर गेलेल्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी एकमेकांनाही सोडावे लागते. चौदा वर्षांच्या मुलाला अनोळखी प्रौढ पुरुषांमध्ये झोपायला पाठवणे ही सोय नव्हे, तो धोका आहे. ‘मोठ्या मुलाला घेत नाहीत’ हे कळल्यावर कित्येक आया निवाऱ्याचा विचारच सोडून देतात आणि असुरक्षित जागेतच राहतात, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या आणि मुलांसह कुटुंबांना घेणाऱ्या निवाऱ्यांना, अठरा वर्षांखालील मुलाचे वय पुढे करून कोणत्याही कुटुंबाला प्रवेश नाकारता येत नाही. तुमच्या भागात असा नियम असो वा नसो, तुमच्या निवाऱ्याने तो स्वतःहून पाळावा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी इमारतीची रचना बदलावी लागते : सामायिक दालनाऐवजी प्रत्येक कुटुंबाला आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली, आणि स्नानगृहे कुटुंबनिहाय वापरता येतील अशी. इतके शक्य नसेल तर निदान छतापर्यंत पोहोचणारी भक्कम विभाजने आणि स्नानगृहांच्या वापराच्या ठरलेल्या वेळा हव्यात. आजीआजोबा, दिव्यांग भाऊ, सोबत वाढलेले भाचरू, ज्यांना ते कुटुंब आपले मानते ते सर्व त्या कुटुंबातलेच धरावेत. विवाहाचा दाखला किंवा रक्ताच्या नात्याचा पुरावा मागू नये. मूल सोबतच्या प्रौढाकडे सुरक्षित आहे ना, याची खात्री मात्र करावी, आणि ती कागदांपेक्षा मुलाशी शांतपणे बोलून अधिक होते.

पायरी ३ : पहिली रात्र

पहिल्या रात्री कमीत कमी प्रश्न विचारा. कोणाला तातडीच्या उपचारांची गरज आहे का, नेहमीची औषधे कोणती आणि ती सोबत आहेत का, कोणी गरोदर आहे का, कोणी शोधत येण्याची भीती आहे का, आणि मुलांनी शेवटचे कधी खाल्ले, एवढे पुरेसे असते. बाकीची माहिती दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर घ्यावी. थकलेल्या माणसाकडून दोन तास अर्ज भरून घेतल्यास उत्तरेही चुकतात आणि त्या माणसाच्या मनात निवाऱ्याविषयी जी पहिली प्रतिमा बसते, ती पुसायला फार वेळ जातो.

खोली दाखवताना दिवा, कडी, पाणी, स्वच्छतागृह आणि रात्री मदतीसाठी कोणाला हाक मारायची, हे प्रत्यक्ष दाखवा. आपत्तीकाळातील मदतीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांनुसार स्वयंपाक, अंघोळ आणि स्वच्छतागृहाची जागा सोडून माणशी किमान साडेतीन चौरस मीटर राहती जागा असावी आणि सामायिक स्वच्छतागृह वीस माणसांमागे किमान एक असावे. हे आपत्तीतील किमान प्रमाण आहे. आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या कुटुंबाला त्याहून अधिक जागा लागते, हे नव्या इमारतीचा आराखडा करणाऱ्यांनी विसरू नये. तान्ह्या बाळासाठी वेगळी, सपाट आणि टणक झोपण्याची जागा द्यावी, त्यात उशा आणि मऊ खेळणी ठेवू नयेत व बाळाला पाठीवर झोपवावे. एका पलंगावर दाटीने झोपणाऱ्या कुटुंबात बाळ गुदमरण्याचा धोका खरा असतो, त्यामुळे ही गोष्ट पहिल्याच रात्री सांगणे आवश्यक आहे.

छळातून सुटून आलेल्या व्यक्तीला मोबाइलमधील ठिकाण कळवणारी सुविधा बंद करायला आणि जोडीदाराला माहीत असलेले पासवर्ड बदलायला त्याच रात्री मदत करा. मुलांच्या फोनकडे आणि टॅबलेटकडेही लक्ष द्या, कारण पत्ता पुष्कळदा त्यांच्यावरून उघड होतो. निवाऱ्यात राहणाऱ्यांची छायाचित्रे संस्थेच्या प्रसिद्धीसाठी वापरू नयेत.

पायरी ४ : पहिला आठवडा, म्हणजे कागदपत्रे, शाळा आणि आरोग्य

ओळखपत्रे, मुलांचे जन्मदाखले, उत्पन्नाचे पुरावे, बँकेची कागदपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि जुना भाडेकरार यांची यादी करून, हाती काय आहे आणि काय हरवले आहे ते लिहून काढावे. हरवलेल्या कागदांच्या नकलांसाठी अर्ज याच आठवड्यात करावेत, कारण नकला मिळायला लागणारा वेळ पुढे घर मिळण्याच्या आड येतो. मूळ कागद कुटुंबाकडेच राहू द्या. त्यांना कुलूपबंद कप्पा द्या आणि कार्यालयात फक्त प्रती ठेवा.

शाळेच्या बाबतीत पहिला प्रयत्न जुनीच शाळा चालू ठेवण्याचा असावा, मग त्यासाठी प्रवासाची व्यवस्था करावी लागली तरी चालेल. घर, शेजारी आणि खेळणी गेलेल्या मुलाकडे उरलेली ओळखीची जागा बहुधा शाळाच असते. अमेरिकेतील मॅककिनी-व्हेंटो कायदा मुळात १९८७ सालचा. त्यातील तरतुदींनुसार, हिताच्या आड येत नसेल तर, बेघर मुलाला आपल्या मूळ शाळेत शिकत राहण्याचा हक्क आहे, आणि नवी शाळा निवडल्यास जुने दाखले हाती नसतानाही त्याला तात्काळ प्रवेश द्यावा लागतो. मुलाचा पत्ता शाळेत कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, हे मात्र पालकांशी बोलून ठरवावे.

आरोग्यतपासणीत लसीकरण, दीर्घकाळ चालणारा खोकला, त्वचेचे आजार, गर्भारपण, दात आणि झोप यांची चौकशी व्हावी. खरूज आढळल्यास खोलीतील सर्वांना आणि उवा आढळल्यास त्या झालेल्या सर्वांना उपचार एकाच वेळी आणि कोणाचाही पाणउतारा न करता द्यावेत. मुले अंथरूण ओले करणे, चिकटून राहणे, अबोल होणे किंवा एकाएकी चिडणे अशी लक्षणे दाखवतात. बहुतेक वेळा ती अस्थिरतेची प्रतिक्रिया असते आणि जेवणाच्या व झोपण्याच्या वेळा ठरल्या की कमी होऊ लागते. ही लक्षणे काही आठवड्यांत ओसरली नाहीत, तर बालमानसतज्ज्ञाकडे न्यावे.

पायरी ५ : घराची योजना

याच कामाला सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण निवाऱ्यातील बाकी सगळी मदत अखेर याच्यासाठी असते.

अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने १२ ठिकाणी केलेल्या एका मोठ्या अभ्यासाची माहिती प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला असायला हवी. सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०१२ या काळात, आणीबाणीच्या निवाऱ्यात किमान सात दिवस राहिलेल्या २,२८२ कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत विभागण्यात आले : भाड्यासाठी दीर्घकालीन अनुदान, भाड्यासाठी अल्पकालीन मदत, सेवांची जोड असलेले संक्रमणकालीन (म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंतचे, ठरावीक मुदतीचे) घर आणि नेहमीची व्यवस्था. दीर्घकालीन अनुदान मिळालेल्या कुटुंबांमध्ये पुन्हा बेघर होण्याचे किंवा दुसऱ्याच्या घरात दाटीने राहण्याचे प्रमाण नेहमीच्या व्यवस्थेतील कुटुंबांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. शिवाय घरातील हिंसा आणि मुलांना शाळा बदलाव्या लागण्याचे प्रमाणही घटले. संक्रमणकालीन घरांमध्ये समुपदेशन, प्रशिक्षण आणि पालकत्वाचे वर्ग असूनही पालकांच्या मानसिक स्वास्थ्यात किंवा उत्पन्नात त्यामुळे ठळक फरक पडलेला दिसला नाही.

याचा अर्थ सेवा निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. बहुसंख्य कुटुंबांची मूळ अडचण भाडे आणि उत्पन्न यांच्यातील अंतर ही आहे आणि वर्ग घेऊन ते अंतर बुजत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हेच ओळखून टान्या टल यांनी १९८८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कुटुंबांना आधी घर मिळवून द्यायचे आणि साथ त्या घरात पुरवायची असे काम सुरू केले, आणि सॅम त्सेंबेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गंभीर मानसिक आजार असलेल्या एकट्या माणसांसाठी तोच विचार अमलात आणला. फिनलंडने २००८ पासून तो राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारला आणि जुने सामायिक निवारे टप्प्याटप्प्याने भाडेकराराच्या घरांत बदलले. अल्पकालीन निवाऱ्याची गरज यामुळे संपत नाही, कारण आज रात्री रस्त्यावर आलेल्या कुटुंबाला घर आजच मिळत नाही. पण ‘आधी सुधारा, मग घर’ अशी अट घालण्याला आधार उरत नाही.

योजना कुटुंबासोबत बसून, त्यांच्याच शब्दांत, एका पानावर लिहावी. आधी मागचे घर का गेले ते समजून घ्यावे, कारण नोकरी गेल्यामुळे गेलेले घर, आजारपणाच्या खर्चात गेलेले घर आणि मारहाणीमुळे सोडलेले घर यांवरचे उपाय एकच नसतात. नंतर दर महिन्याचे खात्रीचे उत्पन्न, टाळता न येणारा खर्च आणि कर्जे मांडून किती भाडे झेपेल ते काढावे. हा आकडा कुटुंबाने स्वतः काढलेला असावा, कार्यकर्त्याने सांगितलेला नसावा. त्यानंतर अडथळ्यांची यादी करावी : अनामत रक्कम, जुनी थकबाकी, जामीनदार नसणे, कुटुंब मोठे असणे, जिना चढता न येणे, घरमालकाचे पूर्वग्रह. प्रत्येक अडथळ्यापुढे कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिले नाही तर योजना फाइलमध्येच पडून राहते.

घरमालकांशी संबंध जोडणे हे या कामातील कमी लेखले गेलेले कौशल्य आहे. घरमालकाला दयेचे आवाहन करू नका. भाडे वेळेवर मिळेल का, घराची नासधूस होणार नाही ना आणि अडचण आली तर कोणाशी बोलायचे, या तीन शंकांची त्याला उत्तरे हवी असतात, ती द्या. संस्था काही महिने संपर्कात राहील, असे लेखी कळवले की नकाराचे रूपांतर होकारात झाल्याचे अनुभव पुष्कळ आहेत. कुटुंबाची खाजगी कहाणी घरमालकाला सांगायची नसते, आणि सांगायचीच असेल तर ती कुटुंबाच्या परवानगीने.

पायरी ६ : रोजचे सहजीवन आणि नियम

नियम थोडे असावेत, लेखी असावेत आणि त्यांमागची कारणे सांगता यावीत. हिंसा, धमकी, शस्त्रे आणि मुलांची सुरक्षितता याबाबत कडक राहा. उठण्याची वेळ, खोलीची टापटीप किंवा कोणते कपडे घातले याबाबत नको. दुसऱ्या कुटुंबाची झोपमोड झाली म्हणून किंवा एखादी बैठक चुकली म्हणून मुलांसह कोणालाही बाहेर काढणे हे त्या चुकीला अजिबात शोभणारे शासन नाही. काढण्याची वेळ आलीच, तर कारण लेखी द्यावे, फेरविचाराची संधी द्यावी आणि रात्री बाहेर काढू नये.

निवाऱ्यातील पालक सतत लोकांच्या नजरेखाली असतात. मूल रडले, हट्टाला पेटले, जेवणाचे ताट ढकलले, तरी दहा जण पाहतात आणि त्यांतले दोघे सल्ला देतात. कार्यकर्त्यांनी मुलासमोर पालकांना सुनावू नये, मुलाला परस्पर परवानगी किंवा खाऊ देऊ नये आणि पालकांचा शब्द शेवटचा राहील याची काळजी घ्यावी. शक्य तिथे कुटुंबाला स्वतः स्वयंपाक करता यावा. मुलाला काय आणि कधी खायला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार परत मिळाला की पालकांचा आत्मविश्वास दिसून येईल इतका सावरतो. मुलाला इजा होत असल्याची शंका आली तर कायद्याने जे कळवणे बंधनकारक आहे ते कळवावेच लागते, आणि आपल्यावर हे बंधन आहे याची कल्पना पालकांना प्रवेशाच्या वेळीच प्रामाणिकपणे द्यावी.

समुपदेशन, वर्ग आणि गटचर्चा ऐच्छिक ठेवाव्यात. घराच्या योजनेसाठी आठवड्यातून एक भेट मात्र ठरलेली असावी, आणि ती शक्यतो त्याच कार्यकर्त्याबरोबर व्हावी, म्हणजे प्रत्येक नव्या माणसाला तीच दुःखद हकिगत पुन्हा सांगण्याची वेळ कुटुंबावर येत नाही. स्वतःच्या खिशातून पैसे देणे, खाजगी फोनवर रात्री-अपरात्री बोलत राहणे, एखाद्याच कुटुंबाला झुकते माप देणे हे मायेपोटी घडते; पण त्याने कुटुंबाचे अवलंबित्व आणि तुमचा थकवा दोन्ही वाढतात. असे करावेसे वाटू लागले की वरिष्ठांशी बोला.

पायरी ७ : मुक्कामाच्या मुदतीचा नीट वापर

मुदत किती असावी याचे एकच उत्तर नाही. इंग्लंडमध्ये मुले असलेल्या कुटुंबांना सामायिक सोयींच्या खाजगी लॉजसारख्या जागी सहा आठवड्यांहून अधिक ठेवण्यास २००३ च्या आदेशाने मनाई आहे, तर अमेरिकेत संक्रमणकालीन घराची कमाल मर्यादा २४ महिन्यांची आहे. मुदत कुटुंबाला पहिल्या दिवशी सांगावी, तिचा आढावा दर दोन आठवड्यांनी घ्यावा आणि अडथळा कुटुंबाच्या हाताबाहेरचा असेल तर ती वाढवावी. शेवटच्या तारखेला जायला जागा नसलेल्या कुटुंबाला फक्त तारीख आली म्हणून बाहेर काढले, तर आधीचे सर्व श्रम वाया जातात.

पायरी ८ : नव्या घरात

घर बदलण्याच्या आधी कुटुंबाने घर प्रत्यक्ष पाहिलेले असावे, करार त्यांच्या भाषेत समजावून सांगितलेला असावा आणि त्याची प्रत त्यांच्याकडे असावी. अंथरुणे, भांडी, वीज व पाण्याची जोडणी, शाळेचे अंतर, औषधांची पुढची चिठ्ठी आणि भाडे भरण्याची तारीख यांची खातरजमा आदल्या आठवड्यात करावी. पहिला महिना सर्वांत नाजूक असतो, कारण निवाऱ्यातील माणसांची सोबत सुटते आणि खर्च एकदम वाढतो.

न्यूयॉर्कमध्ये, निवारा सोडून जाणाऱ्या मानसिक आजारी पुरुषांसाठी विकसित झालेली आणि पुढे कुटुंबांसाठीही वापरली गेलेली एक पद्धत इथे उपयोगी पडते. तिच्यात एकच कार्यकर्ता नऊ महिने साथ देतो आणि हा काळ तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत विभागलेला असतो. पहिल्या टप्प्यात वारंवार घरभेटी होतात; दुसऱ्यात कुटुंब आपल्या परिसरातील दवाखाना, शाळा, नातलग आणि शेजारी यांच्या आधारावर किती चालते ते पाहिले जाते आणि जिथे अडते तिथेच मदत केली जाते; तिसऱ्यात कार्यकर्ता हळूहळू बाजूला होतो. संपर्क कधी संपणार हे पहिल्यापासून ठरलेले असल्याने कुटुंबाला तोडून टाकल्यासारखे वाटत नाही.

भाडे एकदा चुकले तर तिसरा हप्ता थकेपर्यंत वाट न पाहता त्याच आठवड्यात फोन करा, असे कुटुंबाला आणि घरमालकाला, दोघांनाही सांगून ठेवावे. नोंदवहीत प्रत्येक कुटुंबाचा मुक्काम किती दिवसांचा होता, ते कुठे गेले, सहा महिन्यांनी आणि वर्षाने ते त्याच घरात आहे का आणि मुले शाळेत जात आहेत का, एवढे लिहावे. पूर्ण केलेल्या वर्गांची संख्या भरून नोंदवही फुगवू नये. एखादे कुटुंब परत आलेच, तर जुनी फाइल उघडून तिथूनच पुढे काम सुरू करावे, नव्याने सर्व कागद मागू नयेत आणि ‘पुन्हा कसे आलात’ असे विचारण्याऐवजी या वेळी कोणता खर्च किंवा कोणता प्रसंग पेलला नाही, ते विचारून योजनेचे ते एक पान दुरुस्त करावे.